परातीतली जास्वंद

नळदुर्गात तक्रार नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. पण ओट्यावर बसून कुरकुरणे वेगळे आणि विषय-संदर्भ घालून, दोन प्रतींत लिहून, शिक्क्यानिशी पोच घेणे वेगळे. नारायणराव पाटोदेकर या दुसऱ्या पंथाचे. वय छप्पन्न, एकाच शाळेत चित्रकलेची तीस वर्षे नोकरी, आणि घरातल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा अर्जांच्या स्थळप्रतींनी गच्च भरलेला. नळाला आठव्या दिवशी येणारे पाणी, महामार्गावरच्या ट्रकांचे हॉर्न, भिंतीला लावून कोणीतरी ओतलेली खडी, असे किरकोळ विषय पातळ फायलींत होते. जाड फाईल एकच, चित्रकलेच्या तासांची. प्रत्येक वर्गाला आठवड्याचे दोन तास. त्यांतला एक गणिताकडे जाई आणि दुसरा ज्याला हवा त्याच्याकडे. या फाईलला तीस वर्षांत एका ओळीचेही उत्तर आले नव्हते. त्यामुळे नारायणरावांचे अक्षर अधिकाधिक सुंदर होत गेले आणि स्वभाव आंबत गेला.

बारा वर्षांपूर्वी चित्रकलेचे दालनच संगणकांना देण्याचे ठरले. नारायणरावांनी तीन अर्ज केले. तिसऱ्या पोचेची शाई वाळते न वाळते तोच दालनातले फलक आणि ते टेकवायची लाकडी घोडी पटांगणात येऊन पडली, आणि खिडकीबाहेरची गावठी जास्वंद नव्या वातानुकूलन यंत्राच्या आड येते म्हणून तोडायचा हुकूम निघाला. हुकूम बजावायचा होता शिपाई महांतप्पाने. महांतप्पा जळकोटकडच्या शिवारातला, घरी कानडी बोलणारा, सरांहून पाच वर्षांनी मोठा आणि तरीही सरांपुढे कधी खुर्चीवर न बसणारा. कुऱ्हाड घालण्याआधी त्याने अंगठ्याएवढी जाड एक फांदी कोयत्याने उतरवली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सरांच्या हातात ठेवली.

"लावा कुठंतरी, सर. जास्वंद मरत न्हाय."

नारायणरावांच्या घराला अंगण नव्हते, गच्ची होती. पण केवळ जागा नाही म्हणून त्यांनी ते झाड लहान ठेवले असे म्हणणे खरे होणार नाही. आपल्या नावाची एक खोलीसुद्धा आपल्याला राखता आली नाही. निदान एक झाड तरी आपण आखलेल्या रेषेत वाढेल, ही त्यामागची ईर्षा होती. बोन्सायची माहिती त्यांनी वाचून मिळवली आणि ती जपानी वामनवृक्षांची विद्या नळदुर्गच्या उन्हात राबवली. मोटार वायंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली. जास्वंदीचे जून लाकूड वाकवले की कटकन मोडते, म्हणून कोवळेपणीच खोडाला डावीकडे एक बाक दिला. कुंभाराला चित्र काढून देऊन चार बोटे खोल, लांबट, बसके भांडे भाजून घेतले. पहिली तीन भांडी भट्टीतच तडकली. दर दोन वर्षांनी झाड उपसून खालची मुळे कापायची, वरची मुळे मातीवर चहूबाजूंनी पसरून सुतळीने बांधायची. पानांच्या मागे पांढरा पिठ्या ढेकूण बसला की टूथब्रशाने एकेक पान साबणाच्या पाण्याने पुसायचे. बोअरचे पाणी क्षाराचे. त्याने पाने पिवळी पडतात, म्हणून नळाच्या पाण्याची एक घागर झाडाची म्हणून राखीव. घरात धुणे तुंबले तरी त्या घागरीला हात लावायचा नाही.

त्यांच्या पत्नी विमलवहिनींनी संसारात बरेच सोसले होते. त्यांची जीभ मात्र शाबूत होती. "त्या झाडापुढं रोज तासभर वाकून बसता," त्या एकदा म्हणाल्या, "एवढं माझ्या गुडघ्याकडं वाकून बघितलं असतं, तर मी जिने तरी चढले असते."

शाळेतही फारसा निराळा मान नव्हता. पूर्वीच्या दालनात आता संगणक शिकवणारा शिवराज नावाचा तरुण शिक्षक एकदा घरी चहाला आला आणि झाड पाहून म्हणाला, "सर, बारा वर्षं हे एकाच इयत्तेत बसलंय की." नारायणरावांनी त्याला दुसरा चहा विचारला नाही.

या झाडावर त्यांचे काय पणाला लागले होते ते एकट्या विमलवहिनींना ठाऊक होते. सोलापुरात बोन्साय वाढवणाऱ्यांचे एक हौशी मंडळ दर डिसेंबरात प्रदर्शन भरवी. पाच वर्षांपूर्वी नारायणराव झाड मांडीवर घेऊन एसटीने तिकडे गेले होते. परीक्षक बाईंनी चष्मा सरकवून झाडाला एक फेरी घातली आणि शांतपणे सांगितले, की हात चांगला आहे, पण खोड कोवळे आहे आणि खोडावर तारेचे वळ राहिले आहेत. जास्वंदीला मुळात वय दिसत नाही. पाच वर्षांनी या. नारायणरावांनी परतल्यावर या निकालाविरुद्ध दोन पानी पत्र लिहिले आणि आयुष्यात प्रथमच एक पत्र न पाठवता फाडून टाकले. कारण वळ खरेच होते. एका दिवाळीत तार सोडायची राहून गेली होती आणि ती खोडात रुतली होती. ती बाजू भिंतीकडे करूनच ते झाड ठेवत. यंदा पाच वर्षे पुरी होत होती. फेब्रुवारीत त्यांनी प्रवेशिका पाठवली. दोन वर्षांत निवृत्ती. निरोपाच्या भाषणात लोक काय सांगणार याची त्यांना पुरती कल्पना होती. त्याआधी कुठल्यातरी जाणत्या माणसाने एकदा "हे झालं" असे म्हणावे, एवढेच त्यांना हवे होते.

मार्चअखेर विमलवहिनींच्या गुडघ्यांनी निकाल दिला. सोलापुरात शस्त्रक्रिया, मग व्यायामासाठी पुण्याला मुलीकडे, भैरवीकडे, जूनच्या मध्यापर्यंत मुक्काम. नारायणरावांची रजा एका दिवसात मंजूर झाली. चित्रकलेच्या शिक्षकाची गैरहजेरी कोणाच्या वेळापत्रकाला टोचत नाही. प्रश्न झाडाचा होता. शेजाऱ्यांवर विश्वास नव्हता, पाण्यावर त्याहून नव्हता. अखेर निवृत्त होऊन शेतावर राहायला गेलेला महांतप्पा आठवला. त्याच्या विहिरीला उन्हाळ्यातही गोडे पाणी होते.

नारायणरावांनी झाड रिक्षाने शेतावर नेले, गोठ्याच्या पडवीत सावली पाहून ठेवले आणि महांतप्पाच्या हाती टंकलिखित कागद दिला. चौदा कलमे होती. पाणी सकाळ-संध्याकाळ झारीने द्यावे. कळ्या दोहोंपेक्षा अधिक ठेवू नयेत. भांडे हलवू नये. नवव्या कलमाखाली रेघ होती: तारा कोणत्याही परिस्थितीत काढू नयेत. महांतप्पाने कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि देवाच्या तसबिरीमागे सुरक्षित ठेवून दिला. इतकी वर्षे सरांचा शब्द त्याने ऐकून पाळला होता. वाचून पाळायची वेळ कधी आली नव्हती. त्याची बायको नागम्मा दारात उभी राहून झाडाकडे पाहत होती. तिने एवढेच विचारले, की या लेकराला परातीत का बसवलंय. नारायणराव हसले आणि बोन्साय म्हणजे काय हे तिला समजावण्याच्या भानगडीत पडले नाहीत. हीच त्यांची पहिली चूक.

पुण्याहून ते दर रविवारी फोन करत.

झाड मजेत आहे, असे महांतप्पा सांगे. मे महिन्यात तो म्हणाला, की लई वाढलंय. नारायणरावांनी ते कौतुकाच्या खात्यात टाकले आणि बजावले, की वाढू द्यायचे नाही. महांतप्पा "व्हय सर" म्हणाला. पुढच्या रविवारी कळले, की फुलेही लई येतात. नारायणराव दचकले, कळ्या खुडायला सांगितले होते ना? महांतप्पाने प्रामाणिकपणे उत्तर दिले, की नागम्मा खुडते की, रोज टोपली भरून, देवाला. टोपली हा शब्द नारायणरावांच्या कानात दोन दिवस वाजत राहिला. पण अडाणी माणसाला दोन फुलांचीही टोपली वाटते, असे त्यांनी मनाला पटवले. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवण्यासाठी दुसऱ्याचे अडाणीपण नेहमीच उपयोगी पडते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते शेतावर गेले. पडवीत झाड नव्हते. जिथे झाड ठेवले होते तिथे त्यांचे भांडे होते, आणि त्यातून तीन कोंबड्या पाणी पीत होत्या. शेळ्यांच्या कुडाचे दार ज्या तारेने बांधले होते ती तांब्याची होती. नारायणरावांनी ती ओळखली. आपली सही माणूस जशी ओळखतो, तशी त्या तारेवरची वळणे ते ओळखत होते.

महांतप्पा पुढे झाला आणि विहिरीकडे चालू लागला. पाटाच्या कडेला शेणखताचे गोल आळे केलेले, आणि त्यात कमरेएवढी जास्वंद उभी. फांद्या वाट्टेल तिकडे सुटलेल्या, पाने तळहाताएवढी, आणि लाल फुले मोजायची सोय नव्हती. बारा वर्षांत मिळून त्या झाडाने नारायणरावांना जेवढी फुले दिली नव्हती, तेवढी ते एका सकाळी पाटाच्या पाण्यात गाळत होते.

 नारायणराव बोलले ते महांतप्पाशी. आवाज चढवला नाही. त्यांना तशी सवय नव्हती. त्यांनी फक्त विचारले, की नववे कलम वाचले होते का. महांतप्पाने मान खाली घातली. तीस वर्षे घंटा देणारा माणूस उन्हात गुन्हेगारासारखा उभा राहिला, आणि हे नागम्माला सहन झाले नाही. ती हातातले खुरपे घेऊनच मध्ये आली.

"सर, बोलायचं तर मला बोला. ह्ये लग्नाला अक्कलकोटला गेल्ते. म्याच काढलं त्येला."

"का?"

"पाणी सकाळी घाला, दुपारच्याला वाळू. परात तव्यावानी तापायली. तीन दिस पानं गळाली, चवथ्या दिशी काड्या ऱ्हायल्या. तारा तर अशा रुतायल्या, जसं चोराला बांधलंय. मरू द्यायचं व्हतं व्हय?"

"मला फोन करायचा."

"तुमी पुण्यातनं येऊस्तवर ते दम धरून बसलं आसतं का, सर?"

हा प्रश्न नारायणरावांना सर्वाधिक झोंबला. गच्चीवर ते दिवसातून चारदा माती चाचपत. दुपारी भांड्याखाली ओले पोते सरकवत. ही गोष्ट हाताला इतकी सवयीची झाली होती, की कागदावर लिहायचीच राहून गेली. चौदा कलमांत ओल्या पोत्याचे कलम नव्हते. झाड त्यांच्या सुंदर अक्षराने मारले होते आणि नागम्माच्या खुरप्याने वाचवले होते, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळले, आणि ज्या व्यक्तीविरुद्ध आपल्याला रीतसर तक्रार आहे तिच्याच बाजूने सगळे पुरावे असल्यावर माणसाचा जसा संताप होतो, तसा त्यांचा झाला.

"पुढच्या रविवारी येतो," ते म्हणाले. "झाड परत नेणार आहे."

"न्या की," नागम्मा म्हणाली. "तुमचंच हाय."

तो आठवडा त्यांनी हिशेबी थंडपणाने घालवला. भांडे घासून घेतले. कोंबड्यांची घाण निघाली, एक डाग निघाला नाही. करवत, कात्री, नवी तार, चाळलेली माती. डिसेंबरचे प्रदर्शन हातचे गेले होते, हे नक्की. छाटलेले झाड सहा महिन्यांत मांडण्याजोगे होत नाही. परंतु झाड तरी परत यायला हवे होते. आपले जे जे दुसऱ्यांनी आपल्याला न विचारता उचलले, त्यांतली ही एक गोष्ट तरी ते सोडणार नव्हते. विमलवहिनी काठी टेकत दारापर्यंत आल्या आणि त्यांनी करवतीकडे पाहिले.  नारायणरावांना ती नजर टोमण्याहून जड गेली.

रविवारी खणायला नागम्माच बसली. महांतप्पाने कुदळ घेतली होती. तिने ती काढून घेतली आणि म्हणाली, की कुदळीने मुळी तुटेल. खुरप्याने उकरलेली आळ्याची माती ती ओंजळीने बाजूला सारू लागली. तिने झाड वीतभर खोल पुरले होते. नारायणराव करवत घेऊन शेजारी उकिडवे बसले. मातीखालून खोड मोकळे होत गेले तसा डावीकडचा बाक दिसला. तो त्यांचा होता; त्यावर कोणाचाही अंमल चालला नव्हता. बाकाच्या वर तारेचे वळ शोधायला त्यांनी बोट फिरवले. सालीने ते जवळजवळ गिळले होते. नुसत्या नखाला एक हलकी कडा लागली. अजून खाली मुळे लागली. त्यांनी दहा वर्षे सुतळीने बांधून चहूकडे पसरवलेली ती बारीक मुळे आता करंगळीएवढी झाली होती आणि एखाद्या म्हाताऱ्या पंजासारखी मातीला धरून बसली होती.

नारायणरावांचा हात थांबला. परीक्षक बाई जे वय म्हणत होत्या, ते हे. गच्चीवरच्या बारा वर्षांत जे आले नव्हते ते कोंबड्यांच्या शेजारी तीन महिन्यांत येऊ लागले होते. त्यांनी वाचलेही होते, की खोड जाड करायचे तर झाड काही वर्षे जमिनीत सोडतात. ते प्रकरण त्यांनी पेन्सिलने खूण करून वाचले होते आणि सोडून दिले होते. झाड नजरेआड करणे त्यांना परवडणारे नव्हते.

आता उपसायचे तर ही जाडजूड मुळे निम्म्याहून अधिक कापावी लागणार होती.

"कापा की, सर," नागम्मा म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत मातीत होते. ती रागावलेली नव्हती, दमलेली होती.

"बुजवा," नारायणराव म्हणाले.

तिने वर पाहिले.

"दोन वर्षं इथंच राहील. मग मी नेणार. तोवर शेंडा वाढू द्यायचा नाही. कमरेच्या वर गेला की कापायचा. मी रविवारी येऊन बघेन."

हे शास्त्र होते, दया नव्हती, असे ते घरी विमलवहिनींना म्हणाले. वहिनींनी करवत पुसून जागेवर ठेवली आणि जेवायला वाढले.

नागम्माने शेंडा कापला नाही, हे सांगायलाच नको. पहिल्या रविवारी ती म्हणाली, की कळ्या होत्या. दुसऱ्या रविवारी म्हणाली, की अमावस्या होती. नारायणरावांनी स्वतः कात्री चालवली, तर पुढच्या रविवारी एका शेंड्याच्या जागी तीन शेंडे, आणि प्रत्येकाला कळ्या. महांतप्पा दुरून पाहत राही आणि चहा आणून देई. आता तो सरांसमोर पाटाच्या दगडावर बसत असे. कधीपासून, ते नारायणरावांच्या लक्षात आले नाही.

सप्टेंबरात मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. झाडाचे छायाचित्र हवे होते. प्रवेशिका मागे घ्यायची तर कारण देऊन लेखी कळवायला हवे होते. लेखी म्हटल्यावर नारायणरावांनी दोन कागद आणि कार्बन काढला. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिले, की सदर वृक्ष देखभालीसाठी ज्यांच्याकडे सोपविला होता त्यांच्या निष्काळजीपणामुळे. एवढे लिहून थांबले. तसबिरीमागे कागद ठेवणाऱ्या माणसाला निष्काळजी म्हणता येत नव्हते. दुसऱ्या मसुद्यात हवामान आले. उन्हाची तक्रार सोलापूरकरांकडे करण्यात अर्थ नव्हता. तिसऱ्यात कौटुंबिक वैद्यकीय कारण आले, आणि आतल्या खोलीत विमलवहिनींच्या काठीचा आवाज ऐकून तेही खोडले. तीस वर्षांत प्रतिपक्ष सापडत नाही असे कधी झाले नव्हते. मुख्याध्यापक होते, पाणी सोडणारे होते, खडी ओतणारे होते. या एका प्रकरणात, जिथे खरोखर काही हरवले होते, तिथे नाव घालायला कोणी नव्हते. जे एक नाव होते ते खाली सहीच्या जागी यायचे होते.

चौथ्या कागदावर त्यांनी कारणापुढे तीन शब्द लिहिले: झाड मोठे झाले. ते वाचून कोणीही हसेल, हे त्यांना दिसत होते. स्थळप्रत कपाटात गेली. कोणत्या फायलीत लावावी हे न सुचल्याने ती तशीच सुटी वर पडली. चिटणिसांचे उत्तर मात्र आठ दिवसांत आले, आणि नारायणरावांच्या आयुष्यात हेही प्रथमच घडत होते. त्यात लिहिले होते, की कळले. पुन्हा लहान झाल्यास अवश्य कळवावे.

शिवराजला शाळेत बातमी लागलीच. "म्हणजे पास झालं म्हणा की, सर," तो म्हणाला. नारायणरावांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे त्यांनाही सांगता आले नसते.

प्रदर्शनाचा रविवार त्यांनी शेतावर काढला. पिठ्या ढेकूण पडला होता. टूथब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन ते एकेक पान पुसू लागले. खालच्या फांद्या झाल्या, मधल्या झाल्या. वरच्या फांद्यांसाठी उभे राहावे लागले, मग टाचा उचलाव्या लागल्या. नागम्माने बादली उपडी करून पायाशी सरकवली. बादलीवर चढून, एका हाताने फांदी धरून, ते पानांचा मागचा भाग घासत राहिले, आणि महांतप्पाला सांगत राहिले, की हे झाड या उंचीला यायलाच नको होते, की नववे कलम पाळले असते तर ही वेळ आली नसती. महांतप्पा व्हय सर, व्हय सर म्हणत होता.

बारा वर्षे त्या झाडापायी त्यांची कंबर दुखत होती. त्या संध्याकाळी घरी आल्यावर विमलवहिनींनी तेल गरम केले, तेव्हा ते म्हणाले, की कंबर नको, आज मान चोळ.